अमिनो आम्लाची बॅच कशी चालवावी: उलट्या टोकापासून सुरुवात

फर्मेंटेशन विभागात, म्हणजे जिथे टाकीत जिवाणूंकडून अमिनो आम्ल बनवून घेतात तिथे, नवीन आलेला प्रत्येकजण पहिला प्रश्न एकच विचारतो: लिटरला किती ग्रॅम येतात? मी त्याला उलटा प्रश्न विचारते: त्यातले पोत्यात किती जातात? टाकीत आपण जे जे ओततो ते सगळं नंतर कुणाला तरी बाहेर काढावं लागतं. क्षार, रंग, उरलेली साखर, पेशी, फेस मारायचं तेल, सगळंच. फर्मेंटेशनवाल्यांनी आकडा वाढवला म्हणून टाळ्या घ्यायच्या आणि रिकव्हरीवाल्यांनी, म्हणजे टाकीतून माल वेगळा काढणाऱ्यांनी, चिकट, तपकिरी द्रवाशी झुंजत बसायचं, हे मी पुरेसं पाहिलं आहे. म्हणून बॅच कशी चालवायची हे सांगताना मी स्फटिकापासून सुरुवात करते.

उदाहरणं मुख्यतः दोन घेते, ग्लुटामिक आम्ल आणि लायसिन. जगात सर्वाधिक बनणारी अमिनो आम्लं हीच. दोन्हींचं वार्षिक उत्पादन दहा लाख टनांच्या बरंच वर आहे, आणि स्वभावाने ती एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत.

आधी ठरवा, माल बाहेर कसा येणार

ग्लुटामिक आम्लाचा समविद्युत बिंदू पीएच ३.२ आहे. त्या पीएचला रेणूवरचा एकूण भार शून्य होतो आणि विद्राव्यता तळाला जाते: २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे जेमतेम ८-९ ग्रॅम विरघळतात. ब्रॉथमध्ये, म्हणजे टाकीतल्या द्रवात, लिटरमागे १०० ग्रॅमच्या वर असतील तर आम्ल घालून थंड केल्यावर बहुतेक माल आपोआप खाली बसतो.

लायसिनचं तसं नाही. त्याचा समविद्युत बिंदू ९.७ च्या आसपास, आणि पाण्यात ते इतकं विरघळतं की पीएच फिरवून पाडता येत नाही. त्याला पकडावं लागतं. ब्रॉथचा पीएच २ च्या आसपास आणला की लायसिनवर दोन धन भार येतात आणि ते कॅटायन रेझिनला (धन भाराचे कण धरून ठेवणाऱ्या दाण्यांना) चिकटतं. मग अमोनियाने सोडवायचं, अमोनिया उडवायचा, हायड्रोक्लोरिक आम्ल घालून लायसिन हायड्रोक्लोराइडचे स्फटिक करायचे. दुसरा रस्ता असा की काहीच वेगळं न करता अख्खा ब्रॉथ पेशींसकट आटवून दाणेदार लायसिन सल्फेट करायचं. पशुखाद्यासाठी ते चालतं.

याचा माध्यमाशी, म्हणजे जिवाणूला दिलेल्या पोषक द्रवाशी, काय संबंध? रेझिनला लायसिन आणि पोटॅशियम यांतला फरक फारसा कळत नाही. मळीतलं पोटॅशियम, कॅल्शियम, शिल्लक अमोनियम, सगळे त्याच जागांसाठी रांग लावतात. मळी वापरून साखरेत वाचवलेले पैसे रेझिनच्या रिजनरेशनमध्ये (ते पुन्हा वापरण्याजोगं करण्यात) आणि खारट सांडपाण्यात गेले, असं सहज होतं. दाणेदार सल्फेट करणार असाल तर क्षारांची फिकीर कमी, पण उरलेली साखर मात्र शत्रू: आटवताना ती अमिनो गटाशी अभिक्रिया करते, माल तपकिरी होतो, चिकटतो आणि लायसिनही खर्ची पडतं. तेव्हा पाककृतीचा कागद हातात घेण्याआधी रिकव्हरीच्या माणसाशी बोला.

जिवाणूला हे करायचं नसतं

१९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्री शेवाळापासून ग्लुटामिक आम्ल वेगळं केलं आणि पुढच्याच वर्षी त्याचं मीठ बाजारात आलं. ते अनेक दशकं गव्हाच्या ग्लुटेनसारखी प्रथिनं आम्लात उकळून बनत असे. १९५७ मध्ये किनोशिता, उदाका आणि शिमोनो यांनी साखर आणि अमोनियापासून ग्लुटामिक आम्ल बाहेर टाकणारा जिवाणू प्रसिद्ध केला. आधी त्याचं नाव मायक्रोकॉकस ग्लुटामिकस होतं, आज आपण त्याला कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम म्हणतो. या उद्योगाचा पाया तोच. जिवाणू फक्त एल प्रकारचा रेणू बनवतो. रासायनिक संश्लेषणात डी आणि एल यांचं मिश्रण मिळतं आणि ते वेगळं करण्याचा खर्च माथी बसतो.

पण कुठलीही धडधाकट पेशी स्वतःला लागतं त्याहून जास्त अमिनो आम्ल बनवून बाहेर फेकत नाही. ती काटकसरी असते. आपल्याला तिची काटकसर नेमकी एका ठिकाणी मोडायची असते आणि बाकी सगळीकडे शाबूत ठेवायची असते.

ग्लुटामिक आम्लात ती मोडतात पेशीच्या आवरणाशी. हा जिवाणू बायोटिन स्वतः बनवू शकत नाही. बायोटिनशिवाय मेदाम्लं बनत नाहीत आणि पटलावर ताण येतो. लिटरमागे मोजके मायक्रोग्रॅम बायोटिन दिलं की पेशी काही वेळ वाढतात, मग बायोटिन संपतं आणि ग्लुटामेट बाहेर पडू लागतं. पूर्वी सगळे म्हणायचे, पटल गळकं होतं. २००७ मध्ये दिसलं की ताण ओळखून उघडणारी एक विशिष्ट वाहिनी त्याला वाट देते. त्याच वेळी आतमध्ये अल्फा-कीटोग्लुटारेटला पुढे नेणारं विकरसंकुल मंदावतं, त्यामुळे कार्बन सायट्रिक चक्रात पुढे न जाता ग्लुटामेटकडे वळतो.

उसाच्या मळीत बायोटिन भरपूर असतं, तिथे उपासमारीची युक्ती चालत नाही. मग पेशी वाढत असताना पेनिसिलिन किंवा ट्वीन ६० सारखं पृष्ठक्रियाकारक घालतात, किंवा तापमानाला हळवा असलेला वाण (जिवाणूची जात) घेऊन ३०-३२ अंशांवरून ३७-३९ वर उडी मारतात. तिन्हींत वेळ हाच कळीचा मुद्दा. पेनिसिलिन वाढत्या पेशीवरच काम करतं. लवकर घातलं तर काम करायला पेशीच पुरेशा नसतात. उशिरा घातलं तर वाढ थांबलेल्या पेशी त्याला दाद देत नाहीत. घड्याळाकडे नको, ओडीकडे, म्हणजे पेशींच्या दाटपणाच्या मापाकडे, पाहून घाला. वेळ साधली की सूक्ष्मदर्शकाखाली आखूड, व्ही आकारात जोडलेल्या काड्या फुगून लांबट झालेल्या दिसतात. काचपट्टीवर हा बदल दिसल्याशिवाय मला चैन पडत नाही.

लायसिनची गोष्ट निराळी. तिथे आवरणात फेरफार नसतो, कुलूप असतं मार्गाच्या दारावर. अ‍ॅस्पार्टोकायनेज हे विकर लायसिन आणि थ्रिओनिन दोन्ही एकत्र साचले की बंद पडतं. म्हणून सुरुवातीच्या वाणांत होमोसेरिन बनवण्याची क्षमताच काढून टाकली: थ्रिओनिन साचत नाही, कुलूप लागत नाही. अशा वाणाला थ्रिओनिन आणि मेथिओनिन बाहेरून द्यावं लागतं, तेही हात आखडून. दुसरा मार्ग म्हणजे लायसिनसारख्याच दिसणाऱ्या विषारी रेणूवर, एस-अमिनोइथाइल सिस्टिनवर, तगून राहणाऱ्या पेशी निवडायच्या. त्यांचं विकर लायसिनला जुमानत नाही. लायसिन बाहेर नेणारं लायस-ई हे प्रथिन १९९६ मध्ये सापडलं आणि २००३ पर्यंत या जिवाणूचा पूर्ण जीनोम वाचला गेला. त्यानंतर वाण घडवण्याचं काम अंदाजावरून नकाशावर आलं. थ्रिओनिन आणि ट्रिप्टोफॅनसाठी मात्र बहुतेक ठिकाणी ई. कोलायच वापरतात.

कुपीपासून सीड टाकीपर्यंत

कार्यरत बँकेतली (जिवाणूंच्या गोठवलेल्या साठ्यातली) एक कुपी, उणे ८० अंशांवरची, ग्लिसरॉलमधली. ती एकदाच वितळवायची; उरलेली परत गोठवायची नाही. कुपी, फ्लास्क, लहान सीड टाकी (मुख्य टाकीसाठी जिवाणू वाढवायची), मोठी सीड टाकी, मुख्य फर्मेंटर. दर पायरीला ५ ते १० टक्के इनॉक्युलम, म्हणजे आधीच्या पायरीवरचं विरजण. पायऱ्या जितक्या कमी तितकं बरं, कारण प्रत्येक विभाजनात आळशी पेशींना संधी मिळते. लायसिन ओतणारी पेशी हळू वाढते. तिच्यातली एखादी उलटून मूळ स्वभावाकडे गेली की ती भराभर वाढते आणि काही पिढ्यांत टाकी तिची होते.

हे पकडायची साधी चाचणी आहे. सीडचा नमुना पातळ करून दोन प्रकारच्या ताटल्यांवर लावा: एकीवर सगळं पोषण, दुसरीवर होमोसेरिन किंवा थ्रिओनिन नसलेलं किमान माध्यम. परावलंबी वाण दुसरीवर वाढायला नको. तिथे वसाहती आल्या तर तेवढ्या पेशी फिरल्या. ताटलीचा निकाल मुख्य टाकी चालू झाल्यावरच हातात येतो, पण पुढच्या बॅचला कुठल्या कुप्या वापरायच्या हे त्यावरूनच ठरतं.

सीड हलवायची वेळ ओडी अजून चढती असताना. सीडमधली साखर संपली, पीएच स्वतःहून वर जायला लागला, की उशीर झाला. अशा सीडने मुख्य टाकीत सुरुवातीचे तास नुसती सुस्ती मिळते.

माध्यम आणि निर्जंतुकीकरण

ग्लुकोज, अमोनियम सल्फेट, पोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट, चिमूटभर लोह आणि मँगनीज, थायमिन, बायोटिन. सेंद्रिय नायट्रोजनासाठी कॉर्न स्टीप लिकर किंवा सोयाबीनचं जलविघटन केलेलं द्रव. कॉर्न स्टीप स्वस्त आणि पौष्टिक, पण प्रत्येक लॉट वेगळा. त्यात बायोटिन असतं, लॅक्टिक आम्ल असतं, रंग असतो. ग्लुटामेटच्या बॅचमध्ये नव्या लॉटचं बायोटिन न तपासता तो थेट मोठ्या टाकीत घालू नका. आधी फ्लास्कमध्ये चालवून बघा.

साखर आणि अमोनियम क्षार वेगवेगळे निर्जंतुक करा. एकत्र तापवले की मेलार्ड अभिक्रिया होते आणि रंग तिथेच सुरू होतो, जो शेवटी सक्रिय कोळशाने काढावा लागतो. टाकीतच करायचं तर १२१ अंशांवर २० ते ३० मिनिटं. सतत चालणाऱ्या निर्जंतुकात १३५ ते १४० अंशांवर एक-दोन मिनिटं, आणि लगेच थंड. मी दुसऱ्या पद्धतीच्या बाजूने आहे. तापमान चढवलं की बीजाणू मरण्याचा वेग साखर जळण्याच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त वाढतो, म्हणून थोडा वेळ आणि जास्त ताप हेच साखरेला मानवतं.

वाफ पोचली पाहिजे हे सगळेच म्हणतात. कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) निघालं पाहिजे हे कमी लोक पाहतात. नळीच्या आंधळ्या फाट्यात पाणी साचलं की तिथलं तापमान १२१ ला पोचतच नाही, टाकीवरचा मापक काहीही सांगो. पाळी घेतल्यावर मी फर्मेंटरभोवती फिरते ते प्रत्येक स्टीम ट्रॅपकडे (हे पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेकडे) बघत. ट्रॅप गार लागला तर तो बंद पडलेला आहे. प्रोबची ओ-रिंग, ढवळणीचं सील, सीड आणायची लाइन, नमुना नळ, संसर्गाचे रस्ते हेच. आणि सगळ्यांत बेरकी म्हणजे थंड पाण्याच्या कॉइलला पडलेलं टाचणीएवढं छिद्र: तापवताना ते कळत नाही, पण थंड करताना कॉइलमधल्या पाण्याचा दाब टाकीपेक्षा जास्त असला की कच्चं पाणी आत येतं. लागोपाठच्या बॅचेस एकाच प्रकारच्या जंतूने बिघडल्या तर माध्यमाला दोष देण्याआधी कॉइल दाबाखाली तपासा. आणि वाफ बंद केल्यापासून टाकी कधीही ऋण दाबात जाऊ देऊ नका. निर्जंतुक हवा आधी उघडा, मग थंड करा.

चालू बॅच वाचायची कशी

इथेच खरं काम आहे. प्रयोगशाळेचा आकडा यायला वेळ लागतो आणि तो आल्यावर टाकी पुढे गेलेली असते. टाकी स्वतः क्षणोक्षणी सांगत असते ते दोन मागण्यांतून: ऑक्सिजनची आणि अमोनियाची.

ऑक्सिजन आधी घेऊ. ३० अंशांच्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन लिटरमागे साधारण ७.५ मिलिग्रॅम विरघळतो, म्हणजे ०.२३ मिलिमोल. जोरात चाललेली बॅच तासाला लिटरमागे १०० मिलिमोल खाते. भागाकार करा: पूर्ण भरलेला साठा आठ सेकंदांचा. आपण विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, २०-३० टक्क्यांवर ठेवतो, तेव्हा हातात दोन-तीनच सेकंद उरतात. कॉम्प्रेसर अडखळला तर ही बातमी डीओ प्रोबला समजेपर्यंत पेशी गुदमरलेल्या असतात, कारण प्रोबला पूर्ण प्रतिसाद द्यायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून हवेच्या दाबाचा अलार्म डीओच्या अलार्मपेक्षा महत्त्वाचा.

डीओ घसरला तर क्रम असा ठेवा: आधी ढवळणीचा वेग, मग हवा, मग टाकीतला दाब, आणि तरीही भागलं नाही तर साखरेचा फीड कमी. हवा एका मर्यादेपलीकडे वाढवली की पंखे बुडबुड्यांतच फिरतात, द्रव ढवळला जात नाही. ढवळणीच्या मोटरचा अँपिअर अचानक पडतो, आवाजही पोकळ होतो. लिटरमागे मिनिटाला एक लिटर हवा ही मोठ्या टाकीत सहसा वरची मर्यादा धरावी. दाब वाढवताना एक भान ठेवा: कार्बन डायऑक्साइडही जास्त विरघळतो.

ऑक्सिजन जितका खाल्ला जातो तितकी उष्णता निघते, मोलमागे सुमारे ४६० किलोज्यूल. वरच्याच वेगाने १०० घनमीटरच्या टाकीत साधारण १,३०० किलोवॅट उष्णता तयार होते आणि ती ३० अंशांवरून काढायची म्हणजे गार पाण्याशी तापमानाचा फरक फारच थोडा. पुष्कळ कारखान्यांत उत्पादनाची मर्यादा जिवाणू ठरवत नाही, चिलर ठरवतो. शीतकरण कमी पडतंय असं दिसलं तर तापमान चढण्याची वाट न पाहता फीड उतरवा.

आता अमोनिया. ग्लुटामेटमध्ये तो दोन कामं करतो. एक रेणू अमिनो गटात जातो, दुसरा तयार झालेल्या आम्लाला उदासीन करतो. म्हणजे १४७ ग्रॅम ग्लुटामिक आम्लामागे ३४ ग्रॅम अमोनिया; किलोमागे ४.३ किलो उत्पादन. अमोनियाची टाकी वजनकाट्यावर असेल तर तुमच्याकडे फुकटचं उत्पादन-मीटर आहे. पेशींच्या वाढीला गेलेला अमोनिया वजा करा आणि दर दोन तासांनी प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडून पाहा. अमोनिया जातोय पण ग्लुटामेट तेवढं दिसत नाही, तर दुसरं कुठलं तरी आम्ल तयार होतंय. बहुतेक वेळा लॅक्टिक, आणि बहुतेक वेळा कारण हवा.

या जिवाणूचं एक बरं आहे, चूक कुठे झाली ते तो उत्पादनातूनच सांगतो. हवा कमी पडली तर लॅक्टेट आणि सक्सिनेट. अमोनिया कमी पडला तर अल्फा-कीटोग्लुटारेट, कारण अमिनो गट लावायला नायट्रोजनच नाही. अमोनियम जास्त आणि पीएच आम्लाकडे झुकलेला, तर ग्लुटामिन. बायोटिन जास्त झालं तर पेशींची भरघोस वाढ, लॅक्टेट आणि ग्लुटामेटचा पत्ता नाही. नुसतं ग्लुटामेट मोजू नका; लॅक्टेट आणि कीटोग्लुटारेटही एचपीएलसीवर (मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजायला लावा.

साखर लिटरमागे ६०० ग्रॅमच्या आसपासच्या घट्ट द्रावणातून हळूहळू द्या. पातळ दिली तर टाकी पाण्यानेच भरते आणि ते पाणी शेवटी वाफ खर्चून उडवावं लागतं. कोरिनेबॅक्टेरियम लिटरमागे ५-२० ग्रॅम शिल्लक साखर सहन करतो. ई. कोलाय करत नाही: साखर साचली की तो हवा भरपूर असतानाही अ‍ॅसिटेट बनवतो आणि स्वतःच्याच अ‍ॅसिटेटने मंदावतो, म्हणून तिथे साखर शून्याच्या जवळ ठेवून फीडच्या मुठीत चालवतात. फीड मिनिटभर थांबवून पाहा. डीओ झटकन वर उसळला तर साखर मर्यादेत आहे. जागचा हलला नाही तर टाकीत साखर साचलेली आहे.

फेसाबद्दल थोडक्यात: तेल थेंबाथेंबाने. जास्त तेलाने बुडबुडे एकत्र येतात, ऑक्सिजन विरघळायचा वेग पडतो आणि पुढे गाळणीची पटलं तुंबतात.

शेवट जवळ आला की फीड आधीच बंद करा आणि साखर लिटरमागे एक-दोन ग्रॅमच्या खाली उतरू द्या. ग्लुटामेटची बॅच साधारण दीड दिवसात संपते, लायसिनची दोन ते तीन दिवसांत. आणखी चार तास ओढून दोन ग्रॅम जास्त मिळवण्याचा मोह होतो. पण तोवर पेशी फुटायला लागलेल्या असतात, प्रथिनं आणि न्यूक्लिक आम्लं ब्रॉथमध्ये उतरतात आणि गाळणी संथ होते. मी ते चार तास सोडून देते आणि टाकी पुढच्या बॅचला मोकळी करते. साखरेचा हिशेब मात्र सोडत नाही. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून जास्तीत जास्त १४७ ग्रॅम ग्लुटामिक आम्ल निघू शकतं, म्हणजे ८२ टक्के. तुम्ही ६० टक्क्यांच्या वर असाल तर बॅच चांगली. लिटरमागचा आकडा मोठा पण रूपांतर ५० टक्के, ही बॅच दिसायला देखणी असली तरी तोट्याची.

डीओ अचानक वर गेला तर

रात्रीच्या पाळीत सगळ्यांत जास्त गोंधळ याने होतो. डीओ वर जाण्याची तीन कारणं असतात. साखर संपली, प्रोब बिघडला, किंवा पेशी मेल्या. थोडी साखर द्या. डीओ लगेच खाली आला तर पेशी जिवंत आणि भुकेल्या होत्या, काम झालं. नाही आला तर बाहेर जाणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड बघा. तो नेहमीसारखाच असेल तर प्रोबचा दोष. तोही पडला असेल, अमोनियाची मागणी थांबली असेल, ओडी उतरत असेल आणि फेस अंगावर येत असेल, तर फाजचा संशय घ्या. फाज म्हणजे जिवाणूंना फोडणारे विषाणू. ते साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत, पण पेशींच्या जागी रिकाम्या सावल्या आणि कचरा दिसतो. ताटलीवरच्या जिवाणूंच्या गालिच्यात दुसऱ्या दिवशी भोकं पडली की खात्री.

तेव्हा पहिलं काम टाकी रिकामी करणं हे नाही. नेमकं तेच कुणीतरी घाईने करतं आणि गटारातून, शिंतोड्यांतून, बाहेर जाणाऱ्या हवेतून फाज अख्ख्या कारखान्यात पसरतो. हवा बंद करा, टाकी आहे तशी तापवून मारा, मग सोडा. कॉम्प्रेसरची हवा घेण्याची जागा एक्झॉस्ट आणि नाल्यांपासून दूर असली पाहिजे, हे मांडणीच्या वेळीच पाहायचं. पुढच्या बॅचला फाजला दाद न देणारा दुसरा वाण लावा.

उलट प्रकार, म्हणजे साखर झपाट्याने जाते, डीओ पडतो, उत्पादन मात्र थबकतं, हा परका जंतू. ग्राम रंजन करून (सूक्ष्मदर्शकासाठी जिवाणूंना रंग देऊन) बघा. मध्येच बीजाणू असलेल्या जाड काड्या दिसल्या तर बॅसिलस, आणि मग निर्जंतुकीकरणाच्या नोंदी काढा.

स्फटिक

ग्लुटामिक आम्लाचे दोन स्फटिकरूप आहेत. अल्फा जाड, रवाळ, झटकन बसणारा, धुतला की स्वच्छ. बीटा पातळ पापुद्र्यांचा, जो मदर लिकर (स्फटिकांभोवती उरलेला द्रव) पोटात धरून बसतो आणि सेंट्रिफ्यूजमध्ये चिखल करतो. अल्फा हवा असेल तर आम्ल घालण्यात घाई नको. पीएच ४.५ च्या खाली उतरताना टॉर्चच्या उजेडात ब्रॉथकडे बघत राहायचं. पहिली चमक दिसली की आम्ल थांबवा, अल्फाचं बीज टाका, तास-दोन तास नुसतं हळू ढवळा आणि स्फटिकांना वाढू द्या. मग सावकाश ३.२ पर्यंत, सोबत थंड करत. ब्रॉथमध्ये फुटलेल्या पेशींचा गाळ जास्त असेल किंवा तापमान चढं असेल तर बीटा डोकं वर काढतो. फर्मेंटरवरचे ते जास्तीचे चार तास इथे नडतात.

पुढे सोड्याने पीएच ७ च्या जवळ आणून मोनोसोडियम मीठ करा, सक्रिय कोळशाने रंग काढा, निर्वातात आटवून स्फटिक करा. जास्त वेळ गरम ठेवू नका. ग्लुटामिक आम्लातून पाण्याचा रेणू निघून पायरोग्लुटामिक आम्ल होतं. ते स्फटिकात येत नाही, नुसता तोटा होतो.

लायसिनच्या रेझिनवर लक्ष ठेवायचं ते स्तंभाखालून बाहेर येणाऱ्या द्रवावर. निनहायड्रिनचा थेंब टाका. जांभळा रंग आला की लायसिन निसटायला लागलं, स्तंभ बदला. नेहमीपेक्षा लवकर निसटत असेल तर रेझिन जुनं झालं असं लगेच धरू नका, आधी त्या बॅचमधलं पोटॅशियम आणि शिल्लक अमोनियम मोजा.

मदर लिकर परत वर घ्यावंच लागतं, नाहीतर उतारा बसत नाही. पण प्रत्येक फेरीत त्यात रंग, क्षार आणि इतर अमिनो आम्लं साचतात. किती फेऱ्या घ्यायच्या याचा ठरलेला आकडा नसतो. स्फटिकांचा रंग आणि विशिष्ट परिवलन (ध्रुवित प्रकाश किती वळतो ते) पाहून ठरवा, आणि एक हिस्सा नियमितपणे बाहेर काढत राहा. सल्फ्युरिक आम्ल वापरलं असेल तर त्या हिश्श्यात अमोनियम सल्फेट भरपूर असतं. आटवून ते खत म्हणून जातं. हायड्रोक्लोरिक वापरलं असेल तर क्लोराइड येतं आणि ते पाणी कुठे घालवायचं याचं उत्तर पहिली बॅच लावण्याआधीच तयार ठेवा.